त्रिविक्रमरावांचं लोटांगण

"दारूचं नाव सोडा, आमच्या घरात द्राक्षं जरा आंबली तरी बाहेर फेकतात!" जे. पी. नगरच्या मराठी मंडळात त्रिविक्रमरावांनी छाती फुगवून सांगितलं.

निमित्त होतं त्यांच्या मुलाच्या, हर्षच्या कॉलेजचं. तिथं मुलांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घातलं होतं. फोनवाला झिंगत चालला, की ते थेट कॉलेजच्या भार्गवी मॅडमना कळवायचं. महिनाभर कोरी राहतील त्या मुलांचा सत्कार होणार होता. रावांनी मंडळात पेढेही सांगून ठेवले. बाजारात तुरी म्हणतात ती हीच! शिवाय मारुतीला लोटांगणाचा नवस. मुलावर विश्वास होता हो, पण मारुतीवर स्वल्प जास्त!

महिन्याचा शेवटचा दिवस नेमका शनिवारी आला. मारुतीचा वार कसा चुकवायचा? राव सहकुटुंब देवळात हजर.

"हर्ष, फोन इकडं दे. आज मित्र तुला कुठं नेतील, नेम नाही."

"अण्णा, मी इथंच आहे की!"

"सरी, सरी, आहेस खरा. पण फोन माझ्याकडं."

रावांनी फोन पंच्याच्या गाठीत घट्ट बांधला. फरशी उन्हानं तापलेली. आधी उड्या मारत प्रदक्षिणा झाली, मग ते आडवे झाले आणि लोळू लागले. गाभाऱ्यामागं पोचतात तोच कमरेला फोन वाजला. त्यांनी गाठ सोडून तो कानाला लावला.

"हर्ष! आधी अडखळलास, मग गोल फिरलास, आता चक्क लोळतोयस? भर दिवसा?" भार्गवी मॅडम कडाडल्या.

"मी... त्याचा... बाप बोलतोय," राव आडव्यानंच धापा टाकत म्हणाले.

"अय्यो! म्हणजे तुम्ही घेतलीय?"

"मारुतीची शपथ, थेंब नाही! मी देवळात लोळतोय!"

"देवळात? सर, हलू नका. घरचं कुणी जवळ आहे?"

अहल्याबाईंनी नवऱ्याच्या हातातून फोन ओढला. "घाबरू नका हो मॅडम. ह्यांचं दर वर्षी असंच असतं!"

शेवटी पुजाऱ्यांनी बोलून मॅडमची समजूत काढली. पण अ‍ॅपची कोण काढणार? सोमवारी सगळ्या कॉलेजचा सत्कार झाला. एकट्या हर्षचं नाव गळलं! रावांना रडूच यायचं बाकी होतं.

"अख्ख्या कॉलेजात एकही पीत नाही?" ते पुटपुटले.

"पितात की. जाताना फोन हॉस्टेलमध्ये ठेवून जातात."

"आणि हे तुला कसं ठाऊक?"

हर्षनं समोरचा पेढा उचलून अख्खा तोंडात टाकला, आणि तो बराच वेळ चघळत बसला.