म्हात्रे मॅडमची तुळई

म्हात्रे मॅडमसमोर ‘नुसतं’ हा शब्द उच्चारायचा नाही. ‘नुसती भिंत आहे’, ‘नुसता गंज आहे’ असं कुणी म्हणालं की त्यांच्या नाकपुड्या फुगतात आणि पर्समधून टेप बाहेर येते. “आधी मोज, मग बोल.”

जुन्या इमारतींची डागडुजी सुरू होण्याआधी त्यांची मापं घेऊन नकाशे काढायचे, हे आमच्या ऑफिसचं काम. मॅडम तिथून रिटायर झाल्यात, पण ते त्यांनी मान्य केलेलं नाही. माझ्या डोंबिवलीच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आल्या, प्रसाद घेण्याआधी हॉल मोजला आणि म्हणाल्या, “जोशी, बिल्डरनं तुझे चार इंच खाल्लेत.” त्या चार इंचांवरून बायको अजून बोलते. बिल्डरला नाही, मला.

गेल्या वर्षी कल्याणला खाडीजवळच्या एका पडक्या भातगिरणीचं काम आलं. मॅडम न बोलावता हजर. तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो, तर ठेकेदाराचा सुपरवायझर करवत घेऊन पडवीची सागवानी तुळई कापायला निघालेला. तिची मापं अजून घ्यायची होती.

मॅडमनी स्टूल ओढलं आणि बरोबर तुळईखाली जाऊन बसल्या.

“उठा ना मॅडम. नुसतं झिजलेलं लाकूड आहे,” तो म्हणाला.

मी डोळे मिटून घेतले.

संतापल्या की मॅडमची ऑफिसातली मराठी सुटते आणि घरची आगरी बाहेर येते. “कनाला कापतंस रं? कशानं झिजलंय ते बघितलंस? तुला कापायला दिलंय म्हणून कापणार? उद्या तुला कुणी खाडी बुजवायला सांगितली तर?”

तुळईच्या कडेला बोटभर रुंद, गुळगुळीत खाचा होत्या. अकरा. मॅडमनी त्या सगळ्या मोजायला लावल्या, टेपचं दुसरं टोक सुपरवायझरच्याच हातात देऊन. तो तासभर धुमसत शिडीवर उभा होता.

“खाचांचं कारण काय लिहू?” मी विचारलं.

“झोळीची दोरी. बायका इथं खाली बसून तांदूळ पाखडायच्या, पोरं वर टांगलेली. एकेकीची एकेक खाच.”

“पुरावा?” पुराव्याशिवाय काही लिहायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं.

मॅडमनी टेप पर्समध्ये टाकली. “माझी आय होती त्यांच्यात.”

“मग यातली तुमची झोळी कुठली?”

“ठाऊक नाही. मी ड्रॉइंग शिकायला लागले, तेव्हा आय गिरणीत जाते हे मैत्रिणींना सांगायची लाज वाटायची. तिला कधी काही विचारलंच नाही.”

सुपरवायझरनं करवत गुंडाळून ठेवली. पुढे त्यानंच वरती भांडून तुळईला लोखंडी टेकू मंजूर करून आणला.

नकाशा पूर्ण झाला तेव्हा मी म्हटलं, “मॅडम, इथं कोपऱ्यात तुमच्या आईंचं नाव टाकू?”

त्यांनी कागदावर हात ठेवला. “नको,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या दहाजणींची नावं मला माहीत नाहीत.”