सत्यशीलाबाईंच्या स्लॅबवरचं ऊन

लग्नाच्या पहिल्याच वर्षी गिरजानं मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोलला होता. "देवा, ह्यांले हसतं ठेव. मी जन्मभर गुळाले हात लावणार नाई." महादेव शब्दाचा पक्का निघाला. घनश्याम हसायचा, चांगला खदखदून हसायचा, पण दिवाळीपासून आखाडापर्यंत. पुढं झड लागली की गडी मुका. यात देवाकडं बोट दाखवायला जागा नव्हती. नवस बोलताना 'बारमाही' हा शब्द घालायचा गिरजाकडूनच राहिला होता.

सिंदेवाहीची झड म्हणजे आठ-आठ दिवस सूर्याचा पत्ता नाही. घनश्याम जंगलखात्याच्या ऑफिसात बाबू. ऑफिसातून आला की ओली छत्री दारात टाकायचा आणि बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसायचा. दाढी वाढायची, चहावर साय धरायची.

"जेवता का?"

"हूं."

"भात वाढू का भाकर?"

"हूं."

"अवो, घराले आग लागली."

"हूं."

दर वर्षी गिरजा एक नवं व्रत धरायची. सोमवार झाले, शनिवार झाले, लाख बेलपानं झाली. (बेलाच्या झाडाच्या मालकानं शेवटी हात जोडले.) त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, तिनं ठरवलं, देवाला कळवलंच आहे, सोबत डॉक्टरालाही कळवून ठेवू. एवढासाच तो निर्णय, आणि त्यातून पुढचं सगळं रामायण झालं.

घनश्याम दवाखान्यातून भिजून आला आणि बाजेवर बसला.

"काय म्हणे डॉक्टर?"

भिंतीला उत्तर मिळालं, "ऊन खा म्हणते."

आता बाहेर झडीचा आठवा दिवस. छपराच्या कवेलूंवरून पाण्याच्या धारा लागलेल्या, अंगणात बेडकं. अशात कोणत्या बाईच्या डोक्यात उन्हाचा विचार येईल? गिरजाच्या डोक्यात आलं ते पानातलं ऊन. ऊन ऊन भात, ऊन ऊन वरण! एवढं सोपं औषध, अन् आपण लाख बेलपानं तोडली! तिनं लगेच चूल फुंकली.

त्या दिवसापासून घनश्यामच्या ताटात वाफ नाही असा घास पडला नाही. भात उकळता, कढी उकळती, पाणीसुद्धा कढत. तो घासावर फुंकर घालायला गेला की गिरजा हात धरायची.

"फुंकू नका जी! त्याच्यातलं ऊन जाईल ना!"

पंधरा दिवसांत घनश्यामच्या जिभेचं साल गेलं. हसू काही आलं नाही.

मग श्रावणात झडीला मधूनमधून उघाड पडू लागली, आणि एक चमत्कार झाला. सकाळी शेजारून थाळी वाजली. खण्‌ खण्‌ खण्‌! तीन हाका मारूनही न उठणारा घनश्याम ताडकन उठला, खांद्यावर दुपट्टा टाकला अन् बाहेर पडला. अर्ध्या तासानं परतला तेव्हा गाल तांबूस झालेले आणि तोंडात चक्क गाणं!

शेजारी सत्यशीलाबाई राहायच्या. दवाखान्यात नर्स. नीटस, उंच, हातात घड्याळ. त्यांचे यजमान एटापल्लीला मास्तर, महिन्यातून एकदा यायचे. सकाळची वंदना झाली की बाई अंगणात कोंबड्यांना दाणे टाकायच्या, म्हणून गिरजाला आधी वाटलं, थाळी कोंबड्यांसाठी वाजते. आता कळलं की थाळीला माझा कोंबडा धावतो!

दुसऱ्या दिवशी पुन्हा थाळी, पुन्हा दुपट्टा. गिरजा घरामागच्या सांदवाडीत कुंपणाशी जाऊन उभी राहिली. सत्यशीलाबाईंच्या घरावर नवाकोरा स्लॅब पडला होता, गल्लीतला पहिलाच. जिना व्हायचा होता म्हणून बांबूची शिडी लावलेली. वरच्या कठड्यामागं तिला दोनच गोष्टी दिसल्या. एक, तिच्या नवऱ्याची उघडी पाठ. दोन, घड्याळ बांधलेला हात. आणि वरून आवाज आला, "दहा मिन्टं झाले. आता पाठ फिरवा, घनश्यामभाऊ."

गिरजा अशी तापली, की तिच्यापुढं तिची कढी म्हणजे थंडगार.

रात्री तिनं देवापुढं हात जोडले. दुसऱ्याचं वाईट चिंतायचं नाही असा तिचा नेम होता आणि ऐन मत्सरातही तिनं तो मोडला नाही. "देवा, सत्यशीलाबाईची बदली एटापल्लीले कर. नवऱ्याजवळ जाईन बिचारी. तिचंच भलं होईन." (यात आपलंही जरासं भलं आहे, हे देवाला वेगळं सांगायची गरज तिला वाटली नाही.)

सकाळी तिनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली, पावडर लावली आणि आपल्याच अंगणात उभी राहून थाळी वाजवली. खण्‌ खण्‌ खण्‌! घनश्याम दुपट्टा घेऊन धावत आला. गिरजाचं काळीज सुपाएवढं झालं. त्यानं वर पाहिलं, आभाळ गच्च होतं. मग तिच्याकडं पाहिलं.

"नाई," म्हणाला आणि आत जाऊन बाजेवर बसला.

माझं तोंड पाहून 'नाई' म्हणाले! गिरजानं हिरवी साडी सोडून पुन्हा जुनीच नेसली. दिवसभर ती आरशापुढून जाताना मान वळवून गेली.

त्याच संध्याकाळी त्याला पान वाढताना तिला वास आला. मच्छीचा! श्रावणात! तिच्या घरात नागपंचमीपासून मच्छीचं नावसुद्धा कुणी काढत नव्हतं. अन् याच्या तोंडाला वास! तिनं खुंटीवरचा सदरा हुंगला, त्यालाही वास.

"काय खाल्लं जी तुम्ही?"

"काई नाई," घनश्याम म्हणाला आणि हात धुवायला उठला.

आता सगळा हिशोब जुळला. तिकडं स्लॅबवर बसवते, पाठ फिरवायला लावते, वरून मच्छी रांधून घालते! आणि इकडं आपण गूळ सोडून, चूल फुंकून फुंकून डोळे लाल करून बसलो. कुणासाठी? हसू येतं, पण ते दुसरीच्या दारात. हे मात्र गिरजाला सोसवेना. वाईट त्याच्या मच्छीचं नव्हतं, वाईट त्या गाण्याचं होतं.

हे सासूला सांगावं, तर सासू रुखमाबाई श्रावणात रोज सकाळी मारुतीच्या देवळात पोथी ऐकायला म्हणून बाहेर पडायच्या. गुडघ्यांनी इतक्या बेजार की घरच्या ओसरीची एक पायरी चढताना देवाला पाच नावांनी हाका मारायच्या. अशा म्हातारीच्या जिवाला आणखी घोर कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं आणि थाळी वाजली. दुपट्टा गेला. गिरजा कुंपणाच्या फटीतून शेजारच्या अंगणात शिरली. वरून हसण्याचा आवाज आला. घनश्यामचा! अगदी दिवाळीतला! तिला वर जाऊन दोघांना चार शब्द सुनवायचे होते, पण शिडीच्या पहिल्या दांडीवर पाय ठेवला आणि रडूच आलं. रडत रडत भांडता येत नाही. मग तिनं जे हातात होतं तेच उचललं. शिडी!

"राहा आता तिथीच, जन्मभर!" असं पुटपुटत तिनं शिडी ओढत आपल्या सांदवाडीत नेली, दोडक्याच्या मांडवाला टेकवली आणि चुलीपाशी येऊन पदरात तोंड घालून बसली.

पाच मिनिटं झाली. कवेलूंवर टपटप सुरू झालं, मग धो धो. झड परत आली होती. स्लॅबवरून थाळी वाजू लागली, आधी सावकाश, मग घाईघाईनं.

"वाजवा! करा आरती!" गिरजा चुलीला म्हणाली.

मग आवाज आले. एकाचे दोन झाले, दोनाचे सहा. पुरुषांचे, बायांचे, एका लेकराचं रडणं. इतकी माणसं कुठून आली, म्हणून गिरजानं पदर खाली घेतला. आणि मग एक ओळखीचा आवाज चिरत आला.

"गिरजे! ए गिरजे! शिडी कोनं नेली वो?"

सासूबाई! वर!

गिरजा पावसात धावली. सांदवाडीतून स्लॅबकडं पाहिलं, तर कठड्यावरून ओळीनं नऊ डोकी खाली पाहत होती. सर्वांत पुढं रुखमाबाई, लुगडं गुडघ्यावर खोवलेलं. त्यांच्या बाजूला डोक्यावर टपालाची पिशवी धरून मुखरू पोस्टमन. (म्हणजे बातमी गावभर जायला आता तारेचीही गरज नव्हती.) मधोमध हातात थाळी घेतलेल्या सत्यशीलाबाई. आणि या सगळ्यांची नजर दोडक्याच्या मांडवाला टेकवलेल्या शिडीवर.

गिरजानं शिडी उचलली. नेताना लागलं त्याच्या दसपट वजन आता तिला लागत होतं.

आधी सासूबाई उतरल्या. "सून पाह्यजे त अशी! सासूले स्वर्गाच्या अर्ध्या वाटेवर नेऊन शिडी काढून घेते!"

"आत्याबाई, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यासाठीच त चढतो माय! सिस्टर म्हणते, या दिवसांत ऊन मिळत नाई, हाडं कुरकुर करते."

"अन् पोथी?"

"पोथी दुपारी असते."

"अन् श्रावणात मच्छी?"

"मच्छी कुठी? मच्छीच्या तेलाची गोळी आहे ते, घनश्यामच्या खिशातही असते. पिवळी. डी का फी म्हणते तिले. औषधाची गोळी का पंचांग पाहून गिळू मी?"

मुखरू उतरला आणि पिशवी झटकत म्हणाला, "वैनी, तुमच्या घरचं पत्र आहे. थोडं ओलं झालं, सांभाळून उघडजा."

मग सत्यशीलाबाई आल्या. त्यांनी गिरजाचे लाल डोळे पाहिले आणि सगळं ओळखलं. पण नर्सच ती, जखमेवर बोट ठेवलं नाही. "गिरजाबाई, डॉक्टरनं मासिकात वाचलं, अंधाऱ्या दिवसांत काही माणसांचं मनच खचते. तेवढं ऊन अन् त्या गोळ्या, पाहू म्हणे काय होते ते. ऊन पडलं की मी थाळी वाजवतो, गल्लीत कोणाले हाडाचं, कोणाले मनाचं, सगळे येते. तुम्हालेही घेऊन या म्हटलं, त भाऊ म्हणते, तिले फुरसत नाई. ती घरी ऊन करून राह्यली."

गिरजाला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. पण धरणीला त्या दिवशी पुरतं पाणी पाजलेलं होतं, ती ढिम्म राहिली.

शेवटी घनश्याम उतरला. निथळत तिच्यापुढं उभा राहिला.

"तुम्ही मले सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं त. ऊन खा म्हणते म्हणून."

"अन् मी ऊन ऊन वाढत गेली तेव्हा?"

घनश्यामनं दुपट्टा पिळला. "तू पदरानं कढई धरून आणे. मी घास गिळेपर्यंत तोंडाकडं पाहत बसे. वाटलं, जीभ काय, येते पुन्हा. तुले काऊन हिरमुसली कराव?"

गिरजा शिडीला धरून तशीच उभी. पावडर कधीची वाहून गेलेली, केसांत दोडक्याचा वेल अडकलेला. घनश्यामनं तिच्याकडं पाहिलं, शिडीकडं पाहिलं, अंगणात लुगडं पिळणाऱ्या आईकडं पाहिलं. त्याचे ओठ हलले. मग खांदे हलले. आणि भर झडीत, ना ऊन ना गोळी, तो असा हसत सुटला की त्याला शिडीच्या खालच्या दांडीवर बसावं लागलं. सासूबाई हसल्या, पोस्टमन हसला, सत्यशीलाबाईंनी थाळी तोंडापुढं धरली.

बायांनो, ही गिरजाची गोष्ट. तुमच्याही घरी झडीत कुणी भिंतीकडं तोंड करून बसत असेल, तर त्याला वेडगळ म्हणू नका. देवाला सांगा, डॉक्टरला विचारा, उघाड पडली की हाताला धरून उन्हात न्या. आणि एवढं करूनही तो हसला नाही, तर गिरजासारखंच चारचौघांत मनसोक्त फजीत व्हा. त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणींना ते फारसा सराव न करताही जमतं.