हाकेस ओ दिली नाही, सबब गैरहजर

॥ श्री ॥ बुद्धी देणाराने बुद्धी द्यावी, शब्द देणारीने शब्द द्यावे, आणि ज्याचे पदरी ऐकणे थोडे त्यास सांगणाराने सावकाश सांगावे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहीत नाही, ज्याचे त्याने आपले समजावे. लिहिणाराचेही नाव लिहीत नाही, कारण लिहिणारास अजून त्याच राज्यात राहावयाचे आहे.

त्या राज्यात घरोघर फोन होते आणि रयत सुखाने बोलत होती. परंतु ज्यांचे कान गेले त्यांस फोन असून नसून सारखाच. हे वर्तमान महाराजांस कळले. महाराज कनवाळू, त्यांनी आज्ञा केली की ज्यास ऐकू येत नाही त्यास वाचू द्यावे. मग कारागीर आणविले, अक्षरफोन सिद्ध केला, आणि तो चालविण्याचा मक्ता एका मक्तेदारास दिला. त्याची रचना ऐशी की फोनास एक काचेची पाटी जोडलेली, आणि पलीकडचा माणूस बोलू लागला म्हणजे मक्तेदाराचे कचेरीत बसलेले लेखक ते बोलणे ऐकत आणि झरझर लिहीत, आणि लिहिलेले तेच क्षणी पाटीवर उमटे. लेखकांस शपथ होती की लिहावे आणि विसरावे. रयतेस यात काही खर्च पडत नसे, जितका वेळ बोलणे चाले तितक्याचे मोल दरबार मक्तेदारास देई. बखेड्याचे मूळ ते इथेच. मक्तेदाराने मनात आणिले की बोलणारे जितके अधिक तितके आपले बरे, आणि मग कान शाबूत असलेल्यांचे घरीही अक्षरफोन नेऊन बसविले आणि वर मिठाईचा पुडा दिला, आणि तरणीताठी माणसे खाटेवर लोळत मावशीच्या गप्पा वाचू लागली, आणि सुनांनी सासूचे बोलणे वाचायचे तेवढे वाचून बाकीच्या वेळी पाटी पालथी घालावी ऐसा प्रघात पडला. खजिन्यास गळती लागली.

तेव्हा महाराजांनी दिवाण अवधूतपंत यांस बोलावून आणिले. पंत हाताचे स्वच्छ, कामाचे चोख, परंतु स्वभावे संशयी, कोणी खोकला तरी त्यास दाखला मागतील ऐसे. त्यांनी मसलत करोन पात्रतेचे नियम बांधिले. अर्जदाराने आपले तोंडे सांगावे की पाटीवाचून मला फोनवर बोलता येत नाही, आणि वैद्याचा दाखला जोडावा, आणि मक्तेदाराने कोणास मिठाई, लुगडे, पंचा काही देऊ नये, आणि घरातील ऐकत्या माणसाने पाटीस हात लावू नये. इतके नियम रास्तच होते, कोणी नावे ठेविली नाहीत. मग पंतांस वाटले की लबाड माणूस कागदावर काहीही लिहून देईल, करिता प्रत्येकाने समक्ष कचेरीत येऊन परीक्षा द्यावी. आणि येता जाता दलाल खुणा करतील म्हणोन आणखी हुकूम काढिला की अंगणात बसलेल्या अर्जदारास कोणी कोपर मारून, डोळा घालून अथवा बोट दाखवून मदत करू नये.

आता त्या दरबाराचा जुना रिवाज ऐसा की कोणाचेही काम निघाले म्हणजे चोपदाराने सज्जात उभे राहून नाव तीन वेळा पुकारावे. ज्याने ओ दिली तो हजर. ज्याने दिली नाही तो गैरहजर, आणि गैरहजराचा अर्ज बांधोन ठेवावा. हा रिवाज महाराजांचे आजोबांपासून चालत आला होता, त्यास नियम म्हणावे हेही कोणाचे मनात येत नसे, जैसे घराचे उंबरठ्यास कोणी नियम म्हणत नाही. त्यामुळे तो बदलावा ऐसे पंतांस सुचले नाही, चिटणिसांस सुचले नाही, खरे सांगावयाचे तर लिहिणारासही सुचले नाही.

मग परीक्षा सुरू जाहली. हैबती चोपदार सज्जात येई आणि नाव पुकारी. जो उठून येई त्यास चिटणीस पुसत की हाक ऐकोन आलात काय, तो म्हणे होय, मग चिटणीस म्हणत की तरी ऐकू येते, अर्ज नामंजूर. जो उठत नसे तो गैरहजर, त्याचाही अर्ज बांधला. कित्येकांस हैबतीची हाक पोहोचे, फोनवरचे बोलणे मात्र पोहोचत नसे, ते तसे सांगू लागले तर त्यांस उत्तर मिळे की नियमात हाक आहे, फोन नाही. आणि हैबती पडला थोर मिशांचा, मिशांखाली ओठ हालतात की नाही हेच दिसत नसे, त्यामुळे ओठ वाचणारांचीही विद्या तेथे लंगडी पडली. दिवस संपता संपता सारे अर्ज निकाली निघत आणि मंजूर एकही नसे, आणि चिटणीस हात झटकून घरी जात.

त्या अंगणात बाकावर रोज एक म्हातारा येऊन बसे, नाव सिदोजी खराडे, तोफखान्याकडील जुना गोलंदाज. त्याचे दोन्ही कान दरबारचेच तोफांनी नेले. त्यास माणसाचा आवाज ऐकू येई, शब्द मात्र ऐकू येत नसत, भिंतीपलीकडे कोणी बोलावे तैसे. त्याची एकुलती लेक सगुणा, ती दूर परमुलखी दिलेली. ती दर आदितवारी फोन करी. सिदोजीने तिजपासून आपले बहिरेपण लपविले होते, उगाच पोर काळजी करील म्हणोन. त्याने तिचे आवाजाचे चढउतार ध्यानात ठेविले होते. आधी ती पुसे की जेवलात काय, तेव्हा हा म्हणे जेवलो. मग ती आपले घरचे सांगे, तेव्हा हा म्हणे छान, छान. शेवटी पुसे की आबा, काही पाठवू का, तेव्हा हा म्हणे नको, मी बरा आहे, तू सुखात राहा. ऐसे कित्येक आदितवार सुरळीत निभावले आणि सिदोजीस मनात थोडा अभिमानही वाटू लागला.

एके आदितवारी चाल मोडली. सगुणेचा आवाज खाली गेला, मग थांबला, मग एकवार वर आला आणि पुन्हा थांबला. लहानपणी रडण्याआधी ती ऐसाच श्वास धरी, ते बापास पक्के ठाऊक. सिदोजी गडबडला. आणि गडबडीत जे तोंडी बसले होते तेच बोलोन गेला, की नको, मी बरा आहे, तू सुखात राहा. पलीकडे फोन ठेविला गेला. त्या दिवसापासोन सगुणेचा फोन नाही, आणि याने केला तर ती उचलीना. सिदोजीचे काळजास तेव्हापासोन एकच गोष्ट लागोन राहिली की पोरीने काय पुसिले आणि मी कशास नको म्हटले. शेजारी म्हणाले की आम्ही फोन करितो, आम्ही ऐकून सांगतो. तेव्हा सिदोजी म्हणाला, “लेकीचं रडणं दुसऱ्याच्या कानानं ऐकायचं व्हय?” आणि उठोन कचेरीची वाट धरिली. तेथे तो नित्य नवा अर्ज देई, नित्य त्याचे नाव पुकारले जाई आणि नित्य तो बाकावर असून गैरहजर लिहिला जाई.

इकडे पंतांनी महाराजांस विनंती लिहिली की पूर्ण चौकशी जाहली, राज्यात खरा बहिरा एकही निघाला नाही, खजिना वाचला. महाराजांस अचंबा वाटला, परंतु संतोष अधिक वाटला. त्यांनी साखर वाटविली आणि दिवाळीतील पाडव्याचे दरबारी पंतांस मानाचा शेला देण्याचे ठरविले.

पाडव्याचा दरबार भरला. जुने गोलंदाज रिवाजाप्रमाणे एका अंगास उभे, त्यांत सिदोजी. सलामीची तोफ जाहली ती त्याने छातीने ऐकिली. आता सत्काराचे माणसाने सिंहासनासमोर बसावे आणि चोपदाराने पाठीमागील दारातून नाव पुकारावे, तेव्हा त्याने उठोन मुजरा करावा, ही रीत. पंत समोर बसले. हैबतीने पुकारिले, “दिवाण अवधूतपंत!” पंत उठेनात. दुसऱ्यांदा पुकारिले, तिसऱ्यांदा पुकारिले, खांबावरील पारवे उडाले, आणि पंत महाराजांकडे पाहोन मंद हासत तैसेच बसून राहिले. चिटणिसांचा हात जन्माचा सवयीचा, त्यांनी पंतांपासोन हातभर अंतरावर बसोन लिहिले की हाकेस ओ दिली नाही, सबब गैरहजर. लिहोन जाहल्यावर त्यांनी ती ओळ हाताने झाकिली.

मग सिदोजी रांग सोडोन पुढे आला आणि पंतांचे खांद्यास हळूच हात लाविला. पंत दचकले. सिदोजीस वाटले आपण कानात बोलतो, परंतु बहिऱ्या माणसास आपला आवाज किती ते कळत नाही, सबंध दरबाराने ऐकिले. तो म्हणाला, “सरकार, तुमचं नाव पुकारलं वाटतं. ऐकाया मलाबी आलं न्हाई, पण समद्यांची तोंडं तुमच्याकडं वळली.”

महाराज त्या वेळी विडा चघळीत होते. तैसेच तोंड ठेवोन त्यांनी पुसिले की पंत, आपणांस ऐकू येत नाही काय. विड्यामुळे ओठ कळेनात. पंत लवून बोलिले, “जी, छानच आहे.” कोणी हासले नाही. लिहिणाराने पुष्कळ दरबार पाहिले, परंतु इतका अवघड क्षण पाहिला नाही. पंतांनी एकेकाचे मुद्रेकडे पाहिले, मग सिदोजीकडे पाहिले, आणि सिदोजी नुसता मान हालवीत होता, जैसे गावचा माणूस परमुलखी भेटावा. पंत दोन वर्षे हे ओझे वाहत होते. ओठ पाहोन कारभार करीत, इतर हासले म्हणजे मागाहून हासत, आणि घरी नातू काही सांगू लागला म्हणजे कामाचे निमित्त करोन उठत. सगळ्या राज्यावर संशय धरिला, तो आपलेवर कोणी धरू नये म्हणोन की काय, ते देव जाणे. त्यांनी खांद्यावरील उपरणे सारखे केले आणि स्पष्ट बोलिले, “महाराज, आपण काय विचारलेत ते मला ऐकू आले नाही.”

हे एवढे बोलण्यास त्यांस जे धैर्य लागले ते लढाईतही लागत नाही, ऐसे लिहिणाराचे मत आहे. महाराजांनी विडा टाकिला, पायरी उतरोन समोर आले, आणि तोंड नीट दिसेल ऐसे उभे राहोन सावकाश म्हणाले, “मग आता तुम्हीच सांगा, पंत, नियम कसा असावा.”

मग पंतांनी तेथेच नियम फिरविला. नाव पुकारावे आणि मोठ्या अक्षरी फळ्यावर लिहोनही दाखवावे. हाक ऐकू येते काय हे पुसू नये, फोनवरचे बोलणे समजते काय हेच पुसावे, कारण पैसा फोनाकरिता आहे, हाकेकरिता नाही. वैद्याचा दाखला कायम. मक्तेदाराची मिठाई बंदच. आणि अक्षरे मुळात बंद असावी, ज्यास पाहिजेत त्याने दर खेपेस कळ दाबोन उघडावी, म्हणजे गरजेवाचून खर्च होणार नाही. ही शेवटली अट पाहोन लोक म्हणाले की पंत बदलले तरी पंतच आहेत. शेला त्यांनी घेतला नाही. आपला अर्ज त्यांनी इतरांप्रमाणे दिला आणि त्यावर निर्णय दुसऱ्याने करावा म्हणोन कचेरीतून बाहेर जाऊन बसले. बांधोन ठेविलेले सारे अर्ज सोडविले, आणि फळ्यावर सिदोजी खराडे हे नाव लिहिताच सिदोजी ताडकन उठोन उभा राहिला.

अक्षरफोन घरी आला. सिदोजीने लेकीस आधी चार ओळींचे पत्र धाडिले, त्यात कधी न लिहिलेली गोष्ट लिहिली की पोरी, मला कित्येक वर्षे ऐकू येत नाही, एकवार फोन उचल. मग आदितवारी फोन लाविला. पलीकडोन आवाज आला आणि पाटी कोरीच. मग कळ आठवली, ती दाबिली, आणि अक्षरे उमटली, “आबा, आहात ना?” सिदोजी म्हणाला, “हाय. पोरी, त्या दिशी तू काय इचारलंस? मी कशाला नको म्हनलो?”

मग लेखकाचे हाताने सगुणेचे शब्द आले, “त्यांनी दुसरा घरोबा केला, आबा. मी विचारलं होतं, घरी येऊन राहू का. तुम्ही म्हणालात, नको, मी बरा आहे, तू सुखात राहा.”

सिदोजीने ते वाचिले आणि पुन्हा वाचिले, आणि मग पाटीस तोंड लावोन, जैसे काही तिलाच ऐकू येत नाही, ऐसा ओरडला, “आज निघ.” हे त्याने आपले मुखे चावडीवर सांगितले आणि सांगताना डोळे पुसले, म्हणोन येथे लिहिले.

सगुणा आली. समोरासमोर बसोन ती सावकाश बोले आणि बाप ओठ वाची, पाटीचे काम पडेना. पुढे नियमाप्रमाणे, जो अक्षरफोन वापरात नाही तो परत घ्यावा, म्हणोन कचेरीचा माणूस आला, तेव्हा सिदोजीने तो आपणहून काढोन दिला.

एवं च हकीकत. नियम फिरला, त्यावर पंतांसकट पुष्कळ माणसे आपले माणसांशी बोलू लागली, आणि खजिना बुडाला नाही. सिदोजी खराडे याचे नावे दरबारास पडलेला एकूण खर्च, एका संभाषणाचा. मिती चैत्र शुद्ध दशमी, शुभं भवतु.