तक्त्यातून निसटलेली उंची

मी ऑफिसात खरेदी विभागात आहे. आमच्याकडे एखादी वस्तू घ्यायची नसली, की आम्ही 'नको' म्हणत नाही. आम्ही तुलना करतो. तुलनेचा तक्ता होतो, तक्त्यावर शंका निघतात, शंकांवर खुलासे मागवले जातात, आणि खुलासे येईपर्यंत मागणारा माणूस एक तर बदलून जातो नाहीतर नाद सोडतो. आमच्या मजल्यावरचा वॉटर कूलर असाच तुलनेत अडकून पडलाय, आणि आम्ही सगळे घरून बाटल्या आणतो. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली, "बाबा, आपण कुत्रा आणूया ना," तेव्हा मी अगदी सहज म्हणून गेलो, "आणूया की. पण आधी नीट तुलना करूया."

तिथेच माझं चुकलं.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, मला कुत्र्यांची भीती वाटते. साधीसुधी नाही, चांगली पाय लटपटवणारी. समोरून कुत्रा आला की मी रस्ता ओलांडतो, आणि पलीकडेही कुत्रा असला, तर रस्त्याच्या मधोमध उभा राहून मोबाइलवर बोलल्याचं सोंग करतो. (एकदा असं बोलत असताना कानाला लावलेला मोबाइल खरंच वाजला. चार लोकांसमोर.) बांधलेला कुत्रा दिसला, तर मी आधी साखळी बघतो आणि मग ती ज्याला बांधलीय तो खांब बघतो. कुत्र्याने नुसती जांभई दिली तरी मला त्यातले दातच दिसतात. घरात मात्र मी हे कुणाला कळू दिलेलं नव्हतं. मला धुळीचा त्रास आहे आणि कुत्र्यांच्या अंगावर धूळ असते, एवढंच बायकोला माहीत होतं. (असं मला वाटत होतं.) आणि लेकीच्या लेखी तिचा बाबा कुणाच्या बापाला भीत नव्हता.

मग सरळ 'नको' का म्हणालो नाही? त्याला कारण होतं. शेजारच्या आजी मुलाकडे राहायला गेल्या, आणि तेव्हापासून लेक शाळेतून आली की संध्याकाळपर्यंत घरात एकटी असायची. विचारलं की म्हणायची, मला नाही बाई भीतीबिती वाटत. एकदा डोकं फार दुखायला लागलं म्हणून मी दुपारीच घरी आलो. आत टीव्ही ठणाणा चालू होता. बेल वाजवल्यावर आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला, एक, मग दुसरी, आणि मग दार उघडलं. दाराला खुर्ची कशासाठी लावतात हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अशा पोरीला 'नको' कुठल्या तोंडाने म्हणायचं? म्हणून तुलना.

तक्ता नव्याने आखायचा कंटाळा आला, म्हणून मी कूलरचाच उचलला. आवाज किती करतो, दिवसाला किती खातो (वीज खोडून मी तिथे अन्न लिहिलं), गळतो का, देखभाल किती लागते, वापरणाऱ्याला इजा होण्याचा संभव. मग एकेक जात घेऊन बसलो. लॅब्रॅडॉर स्वभावाने लोण्यासारखा, पण खायला सतत तयार, रोज दमेपर्यंत फिरवायला हवा आणि केस घरभर. बाद. पॉमेरेनियन आकाराने बेताचा, पण जिन्यात कुणी शिंकलं तरी भुंकणार, शिवाय रोज केस विंचरा. बाद. जर्मन शेफर्ड हुशार, त्याला सतत काहीतरी काम लागतं. (आमच्या विभागात तो एक दिवस टिकला नसता.) बाद. बीगल वासामागे पळतो आणि एकटा राहिला की गळा काढतो. बाद. जात बाद झाली की लेकीचा चेहरा उतरायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा, आणि दोन्ही एकाच वेळी होत असल्यामुळे मला स्वतःची लाज वाटायची.

बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. एके दिवशी तिने तिथूनच फोन केला. दाढ काढायला आलेले एक निवृत्त ड्रिलमास्तर मुलीच्या लहानशा फ्लॅटवर राहायला चालले होते आणि आपल्या कुत्र्यासाठी चांगलं घर शोधत होते. तिने बरोबर नेलेला माझा तक्ता समोर धरून एकेक रकाना वाचला. आवाज जवळजवळ नाहीच. खाणं दिवसातून दोनदा. केस आखूड. देखभाल म्हणजे अधूनमधून ब्रश. स्वभाव गरीब, आजवर कुणाला चावलेला नाही. वय झालंय, दिवसभर झोपतो. नाव छोटू.

मी तक्ता वरून खाली आणि खालून वर तपासला. नाकारायला जागा नव्हती. सगळ्या अटी पूर्ण करणाऱ्याला डावलता येत नाही, हा नियम मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर फेकलेला. आता तो माझ्यावरच उलटला. म्हटलं, जाऊ दे, छोटू तर छोटू. सोफ्याखाली पडून राहील, मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसेन.

आधी मास्तर एकटेच घर बघायला आले. माणूस ताठ, आवाज असा, की त्यांनी 'बसू का?' विचारल्यावर मीच उठून उभा राहिलो. त्यांच्यासमोर आणखी दोन घरं होती, तेही तुलनाच करत होते. आपण नापास व्हावं म्हणून मी मनात धावा करत होतो. त्यांनी विचारलं, "कुत्र्यांची सवय आहे का?" लेक शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "लहानपणापासून." (पळण्याची.) मग बायकोने त्यांना गॅलरी दाखवायला नेलं. तिथे दोघांचं काय बोलणं झालं कोण जाणे, पण बाहेर आल्यावर मास्तरांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जमेल." आपली छाप पडली या विचाराने मी जरा सुखावलोसुद्धा.

रविवारी बेल वाजली. मी दार उघडलं आणि कुत्रा जिथे असायला हवा तिथे, म्हणजे खाली, पाहिलं. तिथे नुसते पाय होते. वर पाहत गेलो, तर माझ्या पोटाच्या वर एक डोकं होतं आणि ते मला हुंगत होतं. ग्रेट डेन. वासराएवढा. मी दाराची कडी गच्च धरून उभा राहिलो. तक्त्यात उंचीचा रकानाच नव्हता. कूलर मोकळ्या व्हरांड्यात बसवायचा हे आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे उंची कुणी विचारलीच नव्हती.

मास्तर म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघा, नाही जमलं तर एक फोन करा, मी घेऊन जातो. हे वाक्य मी जपून ठेवलं. मग त्याची गादी आणि भांडी आणायला बायको आणि लेक मास्तरांबरोबर खाली गाडीपाशी गेल्या. जाताना बायको म्हणाली, "कुकर लावलाय, आणि तुम्ही थांबा त्याच्याजवळ." दार बंद झालं.

घरात मी आणि तो. तो माझ्याकडे बघत होता. मी हसलो. कशाला हसलो ते माहीत नाही, बहुतेक साहेबांसमोर हसायची सवय. तो एक पाऊल पुढे आला, मी दोन मागे गेलो, आणि असं करत करत बाथरूमच्या दारापर्यंत पोचलो. डोकं मात्र चालत होतं. आत शिरायचं, कडी लावायची, मास्तरांना फोन करायचा. आत शिरलो आणि कडीला हात घातला, तोच कुकरची शिट्टी झाली.

पुढे काय झालं ते नीट दिसलंच नाही. दार धाडकन माझ्या अंगावर आलं, बादली उलटली, आणि तो सबंध कुत्रा बाथरूममध्ये आला. आत आल्यावर वळला, त्याच्या धक्क्याने दार लागलं, आणि तो दाराला पाठ लावून बसला. आमचं दार आत उघडतं. म्हणजे तो उठेपर्यंत मी आत. मला वाटलं, संपलं. विम्याचे कागद कपाटात कुठल्या खणात आहेत हे बायकोला सांगायचं राहिलं. मी उपड्या बादलीवर बसलो आणि डोळे मिटून घेतले.

दुसरी शिट्टी झाली आणि त्याने डोकं माझ्या काखेत खुपसलं. मी श्वास धरून बसलो. मग लक्षात आलं की बादली हलतेय. आधी वाटलं मीच थरथरतोय. मी थरथरत होतोच, पण मी थांबलो तरी बादली थांबेना. तो कापत होता. अंगभर, कान पाडून, शेपूट पोटाखाली घेऊन. मला हात ठेवायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून तो त्याच्या पाठीवर ठेवला. म्हटलं, "अरे, कुकर आहे तो. अजून एक होईल, मग काही नाही." आवाज माझाही फाटलेला होता, पण त्याला चालला.

तेवढ्यात फोन वाजला. खालून मास्तर. "काय, शांत आहे ना? की घेऊन जाऊ?" हाच फोन मला करायचा होता. आणि बाहेर दोघी परत आल्या होत्या. लेकीची पावलं बाथरूमपाशी येऊन थांबली. ती दाराबाहेरून हळूच म्हणाली, "बाबा, नको ना पाठवू त्याला." मला त्या दोन खुर्च्या दिसल्या. काखेतलं डोकं अजून कापत होतं. तिसरी शिट्टी झाली, आणि खरं सांगतो, या वेळी आम्ही दोघांनीही एकमेकांना घट्ट धरलं.

"नको," मी फोनवर म्हणालो. "राहू दे. आम्ही मजेत आहोत."

छोटू राहिला. लेक आता दाराला खुर्च्या लावत नाही, टीव्हीही बेताचा असतो. तिला घाबरायला सवडच नसते. जिन्यात काही वाजलं की आधी याला समजवावं लागतं. मला मात्र मास्तरांचा राग आला होता. एवढा भित्रा कुत्रा गळ्यात मारायचा, आणि अवाक्षर बोलायचं नाही? मी बायकोला तसं म्हणालो.

ती छोटूला ब्रश करत होती. "त्यांनी पहिल्याच दिवशी गॅलरीत सांगितलं," ती शांतपणे म्हणाली. "फार भित्रा आहे, ओरडून चालत नाही, आवाज झाला की कुणीतरी जवळ लागतं, आणि आपल्याला कळलंय हे त्याला दाखवायचं नाही. जमेल का, म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, काळजी करू नका. आमच्याकडे लग्नापासून असाच एक आहे. बराच माणसाळलाय."