डोक्यावरचा शंभरावा

"तळ्यावर तोंडातून शब्द काढायचा नाही," शिंपीकाकांनी बायकोला बजावलं. "मानही हलवायची नाही."

"मग मला कशाला नेताय? शिवणयंत्र न्या."

नेण्याला कारण होतं. दुकान मुलाकडे सोपवल्यापासून काकांना पक्षी बघायचा नाद लागला होता आणि वहीत नव्याण्णव झाले होते. शंभर भरले की पक्षीमंडळाच्या फलकावर नाव लागणार, आणि यंदाच्या मोजणीचा आजचा शेवटचा दिवस. नियम मात्र कडक! पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि सोबत साक्षीदार हवा. नेहमीचा साक्षीदार, शेजारचा न्हावी, सर्दीनं आडवा झाला होता.

"बाल्कनीत दाण्याच्या ताटलीवर चिमण्या येतात, त्या पुरत नाहीत?" काकू म्हणाल्या.

"चिमण्या केव्हाच मोजून झाल्या!"

"बरं, येते. पण ही टोपी घालायची. डोंगरावर गारठा असतो."

टोपी काकूंनी स्वतः विणलेली, लालभडक. असल्या टोपीकडे पक्षी काय, कावळाही फिरकणार नाही, असं काकांना वाटलं. पण साक्षीदाराला दुखवून कसं चालेल?

डोंगरातल्या तळ्याच्या कडेचा बर्फ नुकताच वितळला होता, झाडांना कोंब फुटत होते. काका खांबासारखे उभे राहिले. बऱ्याच वेळानं काकू कुजबुजल्या, "अहो..."

"शू!"

"अहो, तुमच्या डोक्यावर..."

"शू म्हटलं ना!"

"पाखरू बसलंय. टोपीची लोकर उपसतंय घरट्यासाठी."

ओठ न हलवता काकांनी विचारलं, "शेंडी आहे?"

"आहे की. पिवळी."

म्हणजे शेंडीवाला! तीन वसंत ज्याच्यासाठी तळं पालथं घातलं, तो भुवयांच्या वर चार बोटांवर बसला होता, आणि जगात फक्त काकांनाच दिसत नव्हता. बातमी पसरली. मोजणीसाठी तळ्याभोवती पांगलेले मंडळातले सगळे चवड्यांवर येऊन गोळा झाले आणि आपापल्या वहीत शेंडीवाला लिहून मोकळे झाले.

"हलू नका, मागच्यांचं बघून व्हायचंय," अध्यक्ष म्हणाले. हे निवृत्त दंतवैद्य.

"आणि माझं काय?"

"नियमात डोळ्यांनी बघणं आहे, काका. डोक्यानं नाही."

"माझी तीन महिन्यांची मेहनत उसवतोय मेला!" काकू पुटपुटल्या. पण नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं बघून त्यांनी पर्समधून आरसा काढला.

"आरशातलं धरत नाहीत, वहिनी."

"डॉक्टर, चाळीस वर्षं लोकांच्या मागच्या दाढा कशात बघितल्यात? त्या काय खोट्या होत्या?"

अध्यक्ष बाजूला सरकले. काकूंनी आरसा धरला. लाल टोपी, पिवळी शेंडी आणि चोचीत वीतभर धागा! काकांना इतका आनंद झाला की श्वास घ्यायचं राहूनच गेलं. शेंडीवाला सावकाश उडाला, धागा घेऊन.

अध्यक्षांनी फॉर्म काढला. "साक्षीदार, सही करा. विशेष नोंद काही?"

"लिहा," काकू म्हणाल्या. "नवरा पाऊण तास एका जागी गप्प उभा होता."

हे ऐकून मंडळातल्या चार बायकांनी दुर्बिणी खाली ठेवल्या आणि त्या काकांना जवळून बघायला आल्या.