शेवटच्या उडीचा कागद

यंदा संघात आपलीच निवड, असं बेडकाने सांगून टाकलं होतं. तलावावर सगळे त्याला बेडूकच म्हणत, कारण स्प्रिंगबोर्डच्या लवचिक फळीवरून पाण्यात उडी मारताना हा जो उसळायचा, त्याला तोड नव्हती. पण वय एकोणतीस, गुडघे कुरकुरायला लागलेले. ही शेवटचीच संधी. जागा एक, आणि आडवा येणारा माणूसही एकच, उंच लुकडा बगळा.

बगळ्यावर बेडकाचा काडीचा विश्वास नव्हता. बगळा हसला तर त्याच्या मनात काळंबेरं, नाही हसला तर नक्कीच.

कोण कुठली उडी मारणार, हे निवड स्पर्धेच्या आदल्या दिवशी कागदावर लिहून द्यावं लागतं. लिहिली एक आणि मारली दुसरी, तर गुण शून्य. बगळा आपला कागद चोरून वाचणार, हे बेडकाने पक्कं धरलं आणि दोन कागद भरले. खोट्यात पहिल्या पाच उड्या खऱ्याच, फक्त शेवटी उलट्या साडेतीन कोलांट्या लिहिल्या. त्या त्याने जन्मात मारल्या नव्हत्या, पण वाचून बगळ्याला धडकी भरली असती. तो कागद कपडे बदलायच्या खोलीत बाकावर मुद्दाम विसरला. तासाभरात कागद गायब. बेडूक गालात हसला आणि अगदी शेवटच्या मिनिटाला खरा कागद कचेरीच्या पेटीत टाकून आला.

दुसऱ्या दिवशी पाच उड्या झाल्या. बेडूक पहिला, बगळा दुसरा.

"शेवटची उडी," निवेदक म्हणाला, "उलट्या साडेतीन कोलांट्या."

बेडूक फळीवर थबकला. म्हणजे निवेदकही फितूर! चोरलेला कागद बगळ्याने याच्या हातात दिला, आपल्याला घाबरवायला. पण बेडूक असा फसणारा नव्हता. त्याने शांतपणे आपल्या नेहमीच्या अडीच कोलांट्या मारल्या. आयुष्यातली सर्वांत देखणी उडी. पाणी नावालाच हललं.

फलकावर शून्य.

"तुमचे दोन कागद आले," मुख्य पंच म्हणाले. "आम्ही आधी आलेला धरतो."

"आधीचा दिला कोणी?"

"मी," त्याला शिकवणारी त्याची थोरली बहीण म्हणाली. "तू विसरलास म्हणून धावत नेऊन दिला. आणि वर विचारतोस, कोणी दिला!"

"ताई, तुला तो मिळाला कुठे?"

"मी दिला," मागून बगळा म्हणाला. निवड त्याची झाली होती, तरी चेहरा पडलेला होता. "बाकावर पडला होता. हरवला तर तुझी स्पर्धा बुडेल, म्हणून तसाच ताईंना दिला. वाचला नाही, शपथ." त्याने बेडकाच्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेला.

बेडकाला रडू येत होतं. तरी तो ताईच्या कानाशी लागला.

"वाचला नाही म्हणतो. मग माझाच आहे हे कसं कळलं त्याला?"

"घडीवर मोठ्या अक्षरांत 'गुप्त' लिहिलं होतंस," ताई म्हणाली. "असं इथे दुसरं कोण लिहितं? मीसुद्धा म्हणूनच उघडला नाही."