आत्याच्या कानाचा रिफंड

आयकराचे विवरणपत्र भरायला सुशिक्षित माणसाला सल्लागार लागतो, यासारखी दुसरी अंधश्रद्धा नाही, असे मी यंदा घरात जाहीर केले. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. रकाने भरणे ते काय! तळमजल्यावरच्या करसल्लागारांना जिन्यात नुसता नमस्कार केला आणि एका दुपारी बसल्या बैठकीला विवरणपत्र भरून टाकले. पगारातून कर जास्त कापला गेला होता. तो मला परत मिळणार होता.

त्या पैशावर आत्याचा कान अवलंबून होता. आत्या आमच्याकडेच राहते. ऐकण्याचे यंत्र घे, म्हणून आम्ही नवरा-बायको कधीपासून तिच्या विनवण्या करत होतो. पण भाच्याच्या पगाराला हात लावायचा नाही, हा तिचा बाणा. रिफंडचे कळल्यावर मात्र ती विचारात पडली.

"म्हणजे गेले म्हणून सोडून दिलेले पैसे परत येणार?"

मी मान डोलावली.

"मग ते चालतील. ते काही तुझ्या घरखर्चातले नाहीत."

आठवडे गेले. सहकाऱ्यांचे रिफंड बँकेत येऊन खर्चूनही झाले. माझा येईना, आणि संकेतस्थळावर चौकशी करणे मला कमीपणाचे वाटे. अशात एका संध्याकाळी रस्ता ओलांडताना आत्याला टेम्पोचा हॉर्न ऐकू आला नाही. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक लावला म्हणून ती घरी आली, आणि आजकालची मुले वडीलधाऱ्यांसाठी किती अदबीने थांबतात, हे आम्हाला कौतुकाने सांगू लागली. बायकोने माझ्याकडे नुसते पाहिले.

दुसऱ्याच दिवशी रिफंड आला. म्हणजे, मी तो माझ्या बचतीतून काढून आणला.

आता आत्याला एखादी गोष्ट सांगणे म्हणजे मैदानावर जाहीर सभा घेणे. "आत्या, रिफंड आला!" हे मी तिला तीनदा सांगितले, तिसऱ्या खेपेला वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. संध्याकाळी यंत्र आले, आणि पाठोपाठ शेजारी. वरच्या नर्सबाईंचा रिफंड गेल्या वर्षापासून अडकलेला होता, शिंपीकाकांना आपला कुठे गेला हेच माहीत नव्हते. सरांना एवढ्या लवकर मिळाला तो कसा, असे सगळे विचारू लागले. खरे सांगायला हवे होते. पण आत्या तिथेच बसून स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज जलशाला बसल्यासारखी ऐकत होती. मी घसा साफ करून व्याख्यान दिले: विवरण मुदतीत भरावे, पडताळणी लगेच करावी, बँक खाते बिनचूक द्यावे, पैसे आपल्या पायांनी चालत येतात.

मंडळी तिथून थेट तळमजल्यावर गेली. सरांना जमते ते तुम्हाला का जमत नाही, असा जाब करसल्लागारांना विचारला गेला असावा. कारण थोड्याच वेळात ते स्वतः माझ्या दारात उभे होते. स्वभावाने सज्जन माणूस. तुमची पद्धत एकदा बघू द्या, एवढेच म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचेना. मी संगणक उघडला.

पडद्यावर 'परतावा अयशस्वी' असे दिसत होते.

त्यांनी त्याखालचे कारण वाचले, मग आतल्या खोलीत बसलेल्या आत्याकडे पाहिले, आणि माझ्या कानाशी वाकून पुटपुटले, "सर, रिफंड आलेलाच नाही. तुम्ही बंद खात्याचा नंबर दिलाय."

कारकुनाशी भांडून ते खाते मी स्वतःच बंद केले होते. मीही तितकेच हळू विचारले, "आता?"

"दुसरं खातं जोडा आणि पुन्हा मागणी टाका. येतील पैसे. आजींना कळू देऊ नका."

"कळलं," आतून आत्या म्हणाली.

यंत्र खरोखरच उत्तम दर्जाचे होते.

तिने ते कानातून काढले, डबीत ठेवले, डबी माझ्या हातात दिली. "खरे पैसे आले की लावीन. तोवर बोला मोठ्याने."

मागणी मी त्याच दिवशी टाकली. हल्ली रोज संध्याकाळी आत्या भुवया उंचावते आणि मी ओरडतो, "नाही आला!" सगळी इमारत ऐकते, आणि सहानुभूतीने खिडक्या लावून घेते. रिफंड एक दिवस येईलच. त्याची मला चिंता नाही. पण तो आला, हे माझ्या तोंडून आत्या आता ऐकून घेणार नाही. त्यासाठी करसल्लागारांनाच बोलवावे लागेल. हे माझ्या लक्षात आले आहे. जिन्यात ते ज्या अदबीने हसतात त्यावरून वाटते, त्यांच्याही आले आहे.